मोत्याची मच्छरदाणी

आई,

तुमच्या खोलीतली मच्छरदाणी मी सोडली. हे आधी सांगून टाकते, कारण त्या मच्छरदाणीला दुसऱ्या कुणी हात लावलेला तुम्हाला चालत नसे आणि आता विचारायला तुम्ही नाही आहात. चार कोपऱ्यांच्या चार गाठी. मी कात्री घेऊन स्टुलावर चढले होते. तुमच्या गाठी एका ओढीत सुटतात हे मला माहीत नव्हतं. कात्री लागलीच नाही.

तुमचे दिवस झाले. पाहुणे आपापल्या गावी गेले. मिलिंद ऑफिसला जायला लागला, रेवाची शाळा सुरू झाली. फोनवर लोक तुमच्याबद्दल बोलतात ते मी ऐकून घेते. हाडाच्या शिक्षिका, शिस्तीच्या बाई, आफ्रिकेत एवढी वर्षं काढली. सगळं खरं आहे. पण मला तुमच्याशी बोलायचंय ते वेगळं. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय. ॲन आर्बरहून ट्रॉयला परत येताना फ्रीवेवर ते चांगलं रंगात आलं होतं, आपली एक्झिट आली आणि तुम्ही म्हणालात, "राहू दे आता, शनिवारी बोलू." तो गुरुवार होता. शुक्रवारी सकाळी तुम्ही चहाचा कप सिंकमध्ये ठेवलात, परत खुर्चीवर येऊन बसलात आणि उठला नाहीत.

अर्धवट सोडवलेला पेपर तुम्ही तपासत नव्हतात असं मिलिंद सांगतो. म्हणून माझी बाजू पूर्ण लिहिते. आणि तुमच्या मागे काय झालं तेही.

भांडण मोत्यावरून होतं, तुमच्या त्या पिंगळ्यावरून. तसं आपलं बहुतेक सगळं त्याच्यावरूनच व्हायचं, अगदी नावापासून.

"मोत्या काय आई, कुत्र्याचं नाव आहे ते."

"त्याच्या अंगावर मोती आहेत. तुझ्या कुत्र्याच्या अंगावर असतात का?"

तुम्ही सहा महिन्यांसाठी आला होतात. जातानाचं तिकीट सप्टेंबरातलं होतं. त्या सप्टेंबरात न्यूयॉर्कचे टॉवर पडले, विमानं थांबली, मग मिलिंदने तुमचा मुक्काम वाढवून घेतला, आणि नंतर परत जायचा विषय कुणी काढला नाही. पण आल्या आल्या पहिल्याच उन्हाळ्यात तुम्ही पाहुण्यांच्या खोलीतल्या पलंगावर नागपूरहून आणलेली मच्छरदाणी बांधलीत. मी म्हटलं, इथे खिडक्यांना जाळ्या असतात, घरात डास येत नाहीत. तुम्ही म्हणालात, "डासांसाठी नाही बांधत. मला उघड्यावर झोपायची सवय आहे. मच्छरदाणीत माणूस आत असतो आणि वाराही लागतो." आमच्या घरात एसी चालू असतो, वारा कुठला लागणार, हे मी बोलले नाही. तुम्ही एसीचं व्हेंट पुठ्ठा लावून बंद केलंत आणि खिडकी उघडलीत.

आणि ती शिट्टी. साठी ओलांडलेली बाई, कॉटनची साडी, ओट्याशी भाजी चिरत उभी, आणि शिट्टी वाजवते. आधी एकेक सुटा सूर, मग ते भराभर जवळ येतात, चढत चढत जातात, आता याच्या वर जागा नाही असं वाटतं तिथे तुटतात. मग क्षणभर काही नाही. मग दोन-तीन लांब शिट्ट्या, प्रत्येक वरून खाली घसरणारी. मंडळाच्या हळदीकुंकवाला मुलांनी आग्रह केला आणि तुम्ही भर हॉलमध्ये ती वाजवून दाखवलीत. कुलकर्णी काकूंनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "तुझ्या सासूबाई नेहमीच अशा?" मी म्हटलं, "हो. लिमलेटच्या गोळ्या तुमच्याकडे आहेत की माझ्याकडे?"

ती शिट्टी तुम्ही झांबियात शिकलात. शाळेच्या क्वार्टर्सच्या मागे मोपानीच्या झाडांचं रान सुरू व्हायचं आणि व्हरांड्यासमोर एक वठलेलं झाड होतं. त्यात तांबट पक्ष्याने कोरून सोडून दिलेलं एक भोक, आणि त्या भोकात पिंगळा, लहानसं घुबड. शिट्टी त्याची. तुम्ही नेहमी सांगायचात की या पिंगळ्याला स्वतःचं घर कोरता येत नाही, सुतारपक्ष्याने किंवा तांबटाने सोडलेल्या घरात तो भाडेकरू म्हणून राहतो. मादी आत अंड्यांवर बसते, नर बाहेरून आणून देतो. नाकतोडा, पाल, कधी स्वतःएवढा पक्षी. मूठभर जीव, दोन लिंबांएवढं वजन, पण तावडीत आलेलं सोडत नाही. तपकिरी अंगावर पांढरे गोल ठिपके, घुबडाच्या मानाने लांब शेपूट, आणि चिडला की ती शेपूट अशी झटके देते की बघणाऱ्याला हसू येतं. शिवाय तो दिवसाढवळ्या हिंडतो. भर दुपारी फांदीवर बसून ऊन खातो. आपल्याकडच्या पिंगळ्याचा चुलतभाऊ, असं तुम्ही म्हणायचात, पण जास्त आगाऊ.

डोक्यामागचे डोळे मला तुम्ही पहिल्यांदा रेवाच्या वहीवर काढून दाखवलेत. खरे नव्हेत, मानेवर दोन काळे डाग आणि भोवती पांढरी कड. मागून झडप घालायला आलेल्याला वाटावं की हा आपल्याकडेच बघतोय. "वर्गात मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले की पोरांना हेच सांगायचे," तुम्ही म्हणालात. "मी पिंगळा आहे, पाठीमागचं मला दिसतं. पोरं घाबरायची. इन्स्पेक्टरसुद्धा घाबरायचा." आणि मग सगळ्यात आवडतं: पिंगळा नुसता दिसला तरी रानातले सगळे छोटे पक्षी गोळा होतात आणि त्याच्याभोवती नाचून नाचून त्याला शिव्या घालतात. त्याची शिट्टी वाजवली तरी येतात. तो मान वळवत बसून राहतो.

तर असा पिंगळा तुम्हाला मिशिगनमध्ये भेटेल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. रेवाच्या वर्गाची सहल होती, ॲन आर्बरबाहेरच्या एका छोट्या पक्षीकेंद्राला, आणि मला पालक म्हणून जायचं होतं. तुम्हाला घरी एकटं कशाला ठेवायचं म्हणून घेऊन गेले. जखमी बहिरी ससाणे, मोठी शिंगाळी घुबडं, आणि शेवटच्या पिंजऱ्यात एक लहानसा, डावा पंख धड न उघडणारा. पाटीवर नाव होतं पर्ल, त्याचा मोत्या तुम्ही केलात. तुम्ही जाळीशी गेलात आणि शिट्टी वाजवलीत. त्याने मान पूर्ण वळवली. आणि उत्तर दिलं.

केंद्र चालवणारी डेब धावत आली. तो तिच्याकडे आल्यापासून एकदाही बोलला नव्हता. पुढच्या शनिवारपासून तुम्ही तिथल्या स्वयंसेवक झालात आणि मी ड्रायव्हर. माझ्या शनिवारच्या यादीत लायब्ररी, इंडियन स्टोअर आणि ड्रायक्लीनरच्या खाली मोत्या आला. जन्मभर कांदासुद्धा चातुर्मास बघून खाणाऱ्या तुम्ही रबरी हातमोजे घालून गोठवलेल्या उंदरांचे तुकडे करायला लागलात. मी तोंड फिरवलं तर म्हणालात, "मी शाकाहारी आहे. तो नाही. त्याच्यावर कशाला लादू?"

आणि या वर्षीच्या उन्हाळ्यात कावळे मरायला लागले.

पहिला कावळा मीच पाहिला, आपल्या कॉलनीतल्या तळ्याच्या कडेला. मग रस्त्यापलीकडच्या लॉनवर दुसरा. मेलेला पक्षी दिसला तर कळवायला कौंटीच्या आरोग्यखात्याने फोन नंबर दिला होता, मी दोन्ही वेळा फोन करून कळवलं. डासांमधून पसरणारा वेस्ट नाईल विषाणू, माणसांनाही होतो, पण कावळे पटापट मरतात, आणि घुबडंसुद्धा. ऑगस्ट उजाडेपर्यंत आपल्या मॅपलच्या झाडावरून रोज सकाळी ओरडणारी टोळी दिसेनाशी झाली. डेबने सगळी घुबडं आतल्या एका खोलीत हलवली. खिडकी नाही, ट्यूबलाइट, ओळीने पिंजरे. बाहेरच्या पिंजऱ्यांना लावायची बारीक जाळी तिने मागवली होती, पण सगळेच मागवत होते, दुकानात माल नव्हता.

मोत्याला त्या खोलीत बघायला आपण आठवड्याच्या मध्येच गेलो, तो गुरुवार मला शब्दन्‌ शब्द आठवतोय.

तुम्ही म्हणालात, "त्याला बाहेर ठेवायला सांग डेबला. तुझं इंग्लिश तिला कळतं."

"तुमचंही कळतं. ती ऐकणार नाही, आणि बरोबर आहे तिचं. बाहेर डास आहेत."

"आत काय आहे माहितीये? शेजारच्या पिंजऱ्यात शिंगाळं घुबड आहे. रानात ते मोत्याला एका घासात खाईल. त्याच्या शेजारी हा बसून कसा जेवेल? बघितलंस ना, अंग चोरून काठीसारखा झाला होता."

"दोघांच्या मध्ये जाळी आहे, आई."

"जाळी तुला दिसते."

मग तुम्ही दुसरा मुद्दा काढलात. हा विषाणू मूळचा आफ्रिकेतला, मोत्याही तिकडचा, त्यांची जुनी ओळख असणार, त्याला काही होणार नाही. मी म्हटलं मोत्या ओहायोतल्या पिंजऱ्यात अंड्यातून बाहेर आलाय, त्याने झांबिया पाहिलेलं नाही.

"रेवा इथेच जन्मली. तिला कोथिंबीर आवडते, ते कुणी शिकवलं?"

"कोथिंबिरीने मरत नाही कुणी."

मग जे म्हणालात ते मी तेव्हा उडवून लावलं, तेवढा वेळ नव्हता, लेन बदलायची होती. तुम्ही म्हणालात, "बाहेर असला की त्या काळ्या टोपीवाल्या, चिमणीएवढ्या चिकडी येऊन त्याला शिव्या देतात. इथल्या चिकडी. त्यांच्या खापरपणजीने असा पिंगळा पाहिलेला नाही, तरी ओळखतात. आत त्याला कोणी शिव्या देत नाही. कोणी शिव्याच दिल्या नाहीत तर आपण पिंगळा आहोत हे त्याला कळायचं कसं?"

मी म्हटलं, "मेल्यावर शिव्या कोण देणार?"

आणि एक्झिट आली.

मी आजही म्हणते, मी चुकीचं बोलले नाही. जिथे धोका माहीत आहे तिथून जीव बाजूला काढायचा, मग बाकीचं बघायचं. रेवाच्या बाबतीत मी हेच करते, मिलिंदच्या रक्तदाबाच्या बाबतीतही. तुमच्या बाबतीतही केलं असतं, तुम्ही वेळ दिला असता तर.

सुतकातल्या सातव्या दिवशी डेबचा फोन आला. तुमच्यासाठी ती आधीच रडून घेतलेली होती. आता तिचा आवाज कामाचा होता. मोत्या आधी थोडंथोडं खात होता, आता दोन दिवस काहीच नाही. हाताने भरवायला सुरुवात करतेय, पण पकडला की धापा टाकतो. टेप लावून बघितली, त्याच्याच जातीच्या नराची शिट्टी, तर आणखी कोपऱ्यात गेला. सोमवारी पक्ष्यांचा डॉक्टर येईल. तोवर टिकेल की नाही सांगता येत नाही. मग तिने विचारलं, "तिला काय हवं होतं, तुला माहीत असेल ना?"

मला माहीत होतं. त्याला बाहेर ठेवायला हवं होतं. आणि बाहेर डास होते.

त्याच दिवशी पुण्याहून माझ्या आईचा फोन. तिला रेवाकडून कळलं होतं. "सुनीता, घरात सुतक, तेरावा व्हायचाय, आणि तुम्ही घुबडाच्या गोष्टी करताय? त्या घुबडापायीच झालं असेल हे."

"हृदयविकाराने झालंय. डॉक्टरांनी लिहून दिलंय."

"डॉक्टर काय लिहितात त्याला काही अर्थ नाही."

"बरं. तुझी गुडघ्याची गोळी घेतलीस का?"

मिलिंदला मी विचारलं, तुला येते ना ती शिट्टी? तो झांबियात वाढला, त्या व्हरांड्यात. तो म्हणाला, "येत होती." मी म्हटलं, मग चल. तो उठला, दोन्ही ओठ एकत्र आणले आणि नुसती हवा आली. "नंतर," तो म्हणाला आणि गॅरेजमध्ये जाऊन उभा राहिला. मी पाठीमागे गेले नाही.

दहाव्या दिवशी रविवार होता. गोडबोले काका आले. तुम्ही त्यांना ओळखत होतात, कार कंपनीतून रिटायर झालेले, ट्रॉयमधली सगळी धर्मकार्यं तेच करतात, आणि प्रत्येक मंत्रानंतर एक इंजिनिअरिंगचा खुलासा देतात. मागच्या डेकवर केळीच्या पानावर पिंड ठेवले. नऊ-दहा माणसं. सगळे हात जोडून मॅपलकडे बघत उभे.

कावळा आला नाही.

मिलिंद म्हणाला, "आई, नागपूरच्या मावशीला मी दर वर्षी भेटायला जाईन." वाट बघितली. मिलिंदची चुलत बहीण हर्नडनहून आली होती, ती म्हणाली, "काकू, रेवाचं मराठी सोडू देणार नाही आम्ही." वाट बघितली. आभाळ स्वच्छ निळं. एक खार डेकच्या कठड्यावर येऊन बसली आणि पिंडाकडे बघायला लागली. रेवाने तिला "शू" केलं. खार दोन पावलं मागे गेली.

"कशात तरी जीव अडकलाय," कुलकर्णी काकू म्हणाल्या. हळूच म्हणाल्या, पण डेक लहान आहे. आणि मग एकेक करून सगळे माझ्याकडे बघायला लागले. सुनेकडे.

आई, कावळे का येत नाहीत हे तिथे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मीच कौंटीला फोन केले होते. कावळे मेले होते, बस. त्यात कुणाच्या इच्छेचा संबंध नव्हता. तरी मीही मॅपलकडे बघायला लागले. गोडबोले काका म्हणाले, "सुनीता, तुला काही म्हणायचं असेल तर म्हण." सगळ्यांना वाटत होतं मी शब्द देईन. मोत्याला बाहेर ठेवीन म्हणाले असते तर पुढच्या आठवड्यात तो डासाने मेला असता. आत ठेवीन म्हणाले असते तर पुढच्या दोन दिवसांत उपाशी. ज्याची खात्री नाही त्याचा शब्द मी देत नाही.

"बघते," मी म्हणाले.

कुलकर्णी काकूंनी श्वास सोडला. पण तुम्हीच म्हणायचात ना, मिलिंद हो म्हणाला की काम होत नाही, आणि सुनीता बघते म्हणाली की होतं.

शेवटी काकांनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला शिवला. "ही प्रोव्हिजन आहे शास्त्रात," ते म्हणाले. "बॅकअप सिस्टीम." सगळे आत वळले, तेवढ्यात खारीने एक पिंड उचलला आणि कुंपणावरून पळाली. रेवा हसली आणि मग रडायला लागली. काका म्हणाले, "ते धरायचं नाही. खार सिलॅबसमध्ये नाही."

मी पानं उचलायला मोठी परडी शोधत तुमच्या खोलीत गेले. खिडकी उघडीच होती, तुम्ही गेल्यापासून कुणी बंद केली नव्हती. मच्छरदाणी हलत होती. बाहेरचा वारा आत येत होता, तिच्यातून जात होता, पलीकडे पडद्यालाही लागत होता. आत एकही डास नव्हता.

मी तिथेच उभ्या उभ्या डेबला फोन केला. तिच्याकडे सुटा असा लहानात लहान पिंजरा केवढा आहे? तिने हाताने मापून सांगितलं. साधारण डबल बेडएवढा.

मग मी कात्री घेऊन स्टुलावर चढले.

सगळ्यांना जेवायला वाढलं आणि आम्ही तिघं निघालो. कुलकर्णी काकू दारात म्हणाल्या, "आज? आजच?" मी म्हटलं, "वरण गॅसवर आहे, गरम करून घ्या." मच्छरदाणी रेवाच्या मांडीवर होती. तिने एकदा तिचा वास घेतला आणि खिडकीकडे तोंड केलं.

डेबने पिंजरा उन्हात आणून ठेवला, जुन्या ओकच्या झाडाखाली, तुम्ही बसायचात त्या बाकापासून चार हातांवर. मच्छरदाणी बाहेरून घातली, आतून घातली असती तर त्याची नखं अडकली असती. खालची कड विटांनी दाबली. दारावर दुहेरी पडदा केला, रेवाच्या केसांच्या क्लिपा लावून. आणखी काय राहिलं ते मी दोनदा फिरून बघितलं. मग डेबने त्याला आणलं.

आई, तुम्ही ओळखला नसतात. पिसं विस्कटलेली, डोळे अर्धे. फांदीवर ठेवला तर आमच्याकडे पाठ करून बसला. डोक्यामागचे ते दोन खोटे डोळे आमच्याकडे रोखलेले आणि खरे कुठेतरी झाडाच्या बुंध्याकडे. रेवाने चिमट्यात नाकतोडा धरला. तो हलला नाही. ऊन सरकलं. डेबने हातातल्या घड्याळाकडे बघितलं, तिला भरवायची वेळ गाठायची होती, आणि भरवायचं म्हणजे पकडायचं. तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की एवढ्या धापेत त्याला पुन्हा पकडणं तिला नको होतं.

"मिलिंद," मी म्हटलं.

तो तुमच्या बाकावर बसला. मग सुरुवात केली. पहिले दोन सूर फसले, तिसरा लागला. मग एकेक, सुटे सुटे, मग जवळ, मग वर. तुटला तोही बरोबर जागी. मधल्या शांततेत त्याचे डोळे भरून आले आणि शेवटच्या घसरत्या शिट्ट्या वाजल्याच नाहीत.

मोत्याने मान वळवली. उत्तर दिलं नाही. नुसतं बघितलं. पण ती शिट्टी दुसऱ्या कुणीतरी ऐकली होती. ओकच्या वरच्या फांदीत एक चिकडी बोलली. मग दुसरी. मग खालच्या झुडपातून तिसरी आली, मच्छरदाणीच्या अगदी दोरीवर बसली, काळी टोपी पुढे करून, आणि मोत्याला जे काही सुनावायला लागली, आई, ते मला सगळं कळलं. मागून आणखी आल्या. नाचत होत्या, तुटून पडत होत्या, जाळीपर्यंत येऊन परत जात होत्या. अमेरिकेतल्या चिकडी, आफ्रिकेतल्या पिंगळ्याला, नागपूरच्या मच्छरदाणीतून.

मोत्याची शेपूट हलली. एकदा, मग झटक्याने. त्याने अंग फुलवलं, दुप्पट झाला. डोळे पूर्ण उघडले, पिवळे. एकेका चिकडीकडे मान फिरवून बघायला लागला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जी तुच्छता होती ती मी या घरात रोज बघितलेली आहे, कणीक मी मऊ मळली की.

"आज्जी सेड दे वुड," रेवा कुजबुजली.

मग त्याने नाकतोडा घेतला. चिमट्यातून ओढूनच घेतला. एका पायाखाली दाबला, चिकडींकडे बघत बघत खाल्ला, आणि दुसरा मागितला.

त्यानंतर दर शनिवारी आणि मध्ये एकदा मी जात होते. मच्छरदाणी इंच इंच तपासायची, भोक दिसलं की सुईदोऱ्याने बुजवायचं. डास असतात ते दिवस संपले नव्हते, आणि एका भोकाला एक डास पुरतो. फोन वाजला की नंबर बघायच्या आधी मला डेबच दिसायची. आतल्या खोलीत ठेवलेलं मोठं पांढरं घुबड सप्टेंबरात मेलं. डेब म्हणाली, आत नेण्याआधीच चावलं असेल. म्हणजे आत ठेवणं चूक होतं असं ठरत नाही, बरोबर होतं असंही ठरत नाही. मोत्या वाचला तो मच्छरदाणीमुळे, की तुम्ही म्हणालात तसं विषाणूशी जुनी ओळख होती म्हणून, हेही ठरणार नाही. भांडण तसंच आहे. मला वाटलं होतं मी ते इथे लिहून संपवीन, पण एकटीने ते संपत नाही.

चिकडींबद्दल मात्र तुम्ही बरोबर होतात. हे तुम्हाला गाडीत सांगायला हवं होतं. तुम्ही "बघ" म्हणाला असतात, आणि पुढचे दोन आठवडे रोज म्हणाला असतात.

घर शांत आहे. कणीक मऊ होते, कुणी बोलत नाही. परवा कुकरच्या चार शिट्ट्या जास्त झाल्या, भात गाळ झाला, तिघांनी गुपचूप खाल्ला. मिलिंद ओट्याशी उभा राहून कधी कधी ती शिट्टी वाजवतो. शेवटच्या घसरत्या शिट्ट्यांशी अजून अडतो. परवा मी त्याला म्हटलं, "लांब ओढ, तोडू नकोस." तो चमकून माझ्याकडे बघायला लागला. मला स्वतःलाच तुमचा आवाज ऐकू आला.

काल रात्री पहिलं दहिवर पडलं. सकाळी डेकचा कठडा पांढरा होता. डास संपले. मोत्याला आता थंडीसाठी आत घेतात, त्याच्या जुन्या उबदार खोलीत, जिला मोठी खिडकी आहे आणि जिच्यात शेजारी कुणी नाही; खिडकीच्या फटींतून डास येतात म्हणून उन्हाळ्यात ती वापरता आली नव्हती. आज जाऊन मी मच्छरदाणी काढून आणली. थंड पाण्यात धुतली, गॅरेजमध्ये वाळत घातली. नऊ ठिगळं आहेत, माझ्या हातची, तुम्हाला आवडणार नाहीत.

संध्याकाळी परत तुमच्या पलंगावर बांधली. रेवा म्हणाली, कशाला, कुणी झोपत नाही तिथे. मी म्हटलं, घडी घालून ठेवली तर उंदीर कुरतडतील. तुमच्यासारख्या गाठी मारून बघितल्या. तीन जमल्या, एका ओढीत सुटतात. चौथी पक्की बसलीये. तिला कात्री लागेल.

मे महिन्यात परत न्यायची आहे. तोवर चौथी गाठ जमवायला हवी.

बघते.

— सुनीता